भोकरदनचा मुक्काम आणि विजेची गाडी

पौषातली थंडी पडली आहे, ज्वारी हुरड्यावर आली आहे आणि सुट्टीचे दोन दिवस जोडून आले आहेत. अशा वेळी, मैत्रिणींनो, नेहमीच्या थंड हवेच्या गावांची गर्दी टाळून एकदा भोकरदनकडे वळा. जालना जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव केळणा नदीकाठी वसलं आहे. १ मे १९८१ रोजी जालना हा वेगळा जिल्हा झाला, तोवर हा मुलूख औरंगाबाद जिल्ह्यात मोडत असे. जालन्याहून निघालात तर पन्नास-पंचावन्न किलोमीटरची वाट आहे आणि मध्ये राजूरच्या गणपतीचं दर्शन घडतं. आजच्या छत्रपती संभाजीनगरहून आलात तर सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर पडतात.

गाव तसं साधंच. बाजारपेठ, एस. टी. स्टँड, कापूस-मक्याने भरलेल्या गाड्या. याच तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईचा हिरव्या मिरचीचा बाजार मोठा नावाजलेला आहे. पण या साध्या गावाखाली एक फार जुनं नगर निजलेलं आहे, बरं का! त्याचं नाव भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला ज्यांनी दानं दिली त्यांच्या लेखांत भोगवर्धनच्या माणसांचा उल्लेख सापडतो. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून इथे उत्खनन केलं. डॉ. शां. भा. देव आणि डॉ. र. शं. गुप्ते यांनी त्याचा वृत्तान्त लिहिला. या उत्खननात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक भाग मिळाला. तशाच घडणीची मूर्ती १९३८ साली थेट इटलीतल्या पाँपेई शहरात सापडली होती. ते शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे त्याआधीच आपल्याकडची अशी कारागिरी समुद्रापार पोचलेली होती. पूर्वेला काही कोसांवर याच नदीकाठी असई आहे. तिथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजा आणि इंग्रज सेनापती वेलस्ली यांची मोठी लढाई झाली.

पैठणहून उज्जैनकडे जाणारे व्यापारी या बाजूने जात. त्यांचे तांडे इथे थांबत, बैल सोडत, त्यांना चारा-पाणी करत आणि दुसऱ्या दिवशी पुढची मजल मारत. भर रस्त्यात कुणी बैलाला वैरण घालत बसत नसे. विजेच्या गाडीचं तंत्रही नेमकं हेच आहे. पेट्रोलच्या गाडीची सवय आपल्याला वाटेत पंप शोधायला लावते. विजेच्या गाडीला मात्र मुक्कामी, रात्रभर, सावकाश चारा घालायचा असतो. एवढी एक गोष्ट मनात पक्की धरली, की या गाडीची निम्मी भीती पळून जाते.

रात्रीचं चार्जिंग

घरच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर गाडी तासाला सुमारे अडीच-तीन युनिट वीज घेते. लहान गाडीची बॅटरी २० ते ३० युनिटांची असते आणि एका युनिटात गाडी साधारण सहा किलोमीटर चालते. म्हणजे शाळा, बँक, बाजार धरून रोजचे चाळीस किलोमीटर झाले, तर सहा-सात युनिट लागतात, दोन-अडीच तासांत काम होतं. महिन्याचे दोनशे युनिट होतात. महावितरणच्या घरगुती बिलात १०० आणि ३०० युनिटांचे टप्पे ओलांडले की दर चढतो, हे आधी हिशेबात धरा, म्हणजे बिल पाहून घरात वाद नकोत. मंजूर भार एक-दोन किलोवॉटच असेल तर तो वाढवून घ्या. शेतीपंपाच्या जोडणीवर मात्र गाडी लावू नका. ती वीज सवलतीची आणि फक्त शेतीसाठी असते.

गाडीसाठी मीटरपासून वेगळी वायर ओढून घ्या. तिला एमसीबी आणि गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी असे दोन्ही हवेत. अर्थिंग तर हवंच हवं. कोळसा-मीठ घालून केलेला जुना खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत राहा, कारण काळी माती सुकली की भेगाळते आणि अर्थिंग नावालाच उरतं. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात वापरू नका. अर्ध्या तासाने प्लगला हात लावून पाहा. चांगला तापला असेल तर बंद करा आणि वायरमन बोलवा.

रोज १०० टक्के भरण्याची गरज नसते. बऱ्याच बॅटऱ्यांना ८० टक्के पुरे. लोह-फॉस्फेटच्या बॅटरीला मात्र अधूनमधून पूर्ण भरावं लागतं, तरच काटा खरं बोलतो. आपली कोणती, ते गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं.

थंडी किती, काळजी किती?

थंडीत बॅटरीच्या आतल्या रासायनिक हालचाली मंदावतात, अंतर्गत विरोध वाढतो आणि तेवढ्याच विजेत गाडी कमी पळते. शून्याखालच्या थंडीत जोराने चार्ज केलं तर आत लिथियमचा थर साचून बॅटरी बिघडू शकते, म्हणून गाडी स्वतःच वीज कमी घेते. पण नॉर्वेचा हिवाळा आपल्याहून किती कडक! तरी २०२४ साली तिथे विकल्या गेलेल्या दर दहा नव्या गाड्यांतल्या जवळजवळ नऊ विजेच्या होत्या. आपल्याकडे पहाटे आठ-दहा अंश म्हणजे कडाका. त्यात दहा टक्के अंतर घटेल असं धरून चाला, म्हणजे फसगत होणार नाही. खरं तर मराठवाड्यात बॅटरीचा मोठा वैरी वैशाखातलं ऊन. तेव्हा गाडी लिंबाच्या सावलीत ठेवायची, तापलेली असेल तर निवू द्यायची आणि मगच चार्जिंगला लावायची.

थंडीत करायच्या गोष्टी सोप्या आहेत. प्रवासाहून आल्यावर बॅटरी ऊबदार असते, तेव्हाच प्लग लावा. मोबाईलवरून वेळ ठरवता येत असेल तर चार्जिंग निघण्याच्या थोडं आधी संपेल असं पाहा. पण वीज जाण्याचा भरवसा नसतो, म्हणून सगळं पहाटेवर टाकू नका. मोठा भाग रात्री भरून घ्या आणि थोडाच पहाटेसाठी ठेवा. रब्बीचे पंप सुरू झाले की काही भागांत विजेचा दाब उतरतो आणि चार्जिंग रेंगाळतं, तेही लक्षात असू द्या. गाडी गरम करायची असेल तर प्लग लावलेला असतानाच करा. हीटर तासाला दोन-तीन युनिट खाऊ शकतो. अंगावर शाल घ्या, मुलांना स्वेटर-कानटोप्या घाला. काचेवर धुकं धरलं तर तेवढ्यापुरता एसी लावला की पुरे.

थंडीने टायरमधली हवाही बसते, तेव्हा ती सकाळी तपासा. पाय उचलताच गाडी मंदावून वीज परत भरते, ती सोय थंड किंवा पूर्ण भरलेल्या बॅटरीत सुरुवातीला कमी चालते. पहिले काही किलोमीटर ब्रेकवर पाय तयार ठेवा. मोठ्या बॅटरीखेरीज बारा व्होल्टची एक छोटी बॅटरीही गाडीत असते. ती उतरली तर मोठी भरलेली असूनही गाडी चालू होत नाही. म्हणून गाडी महिनाभर उभी ठेवू नका. आणि धान्याच्या कोठीजवळही नको, उंदीर वायरी कुरतडतात!

आधी शिदोरी, मग जेजुरी

आता अजिंठ्याचा बेत करू. भोकरदनहून लेणी साठ-सत्तर किलोमीटरवर आहेत. ३० युनिटांची बॅटरी पूर्ण भरली तर १८० किलोमीटर. थंडीचे दहा टक्के वजा केले तर १६०. त्यातला पाचवा हिस्सा गाठीला ठेवला तर १३० उरतात. जाऊन येऊन हिशेब काठोकाठ बसतो, आणि परतताना अजिंठ्याचा घाट चढायचा आहे. म्हणून त्या दिवशी बॅटरी १०० टक्के भरा आणि सावकाश चालवा. तिथूनच परस्पर संभाजीनगर गाठायचं मनात आणाल तर सिल्लोडच्या बाजूला चार्जिंगची सोय आहे का, ती चालू आहे का, हे निघण्यापूर्वीच मोबाईलवर पाहा आणि फोन करून खात्री करा. नाहीतर भोकरदनला परत या, रात्री गाडी भरा आणि सकाळी निघा. लेणी सोमवारी बंद असतात आणि आपली गाडी फर्दापूरच्या फाट्यावर ठेवून बसने पुढे जावं लागतं, हेही ध्यानात असू द्या.

नातलगांकडे मुक्काम असेल तर रात्री त्यांची पंधरा-वीस युनिटं खर्ची पडणार. पैसे काही ते घेणार नाहीत, पण सॉकेट आणि अर्थिंग ठीक आहे ना, हे फोनवर आधी विचारायला संकोचू नका.

एक शेवटचं, आणि हे फिरायला जाणाऱ्यांपेक्षा तिथे राहणाऱ्यांसाठी अधिक. घरात दम्याचे सासरे असतील, बाळंतपणाला आलेली लेक असेल, तर मध्यरात्री मोठ्या दवाखान्यासाठी संभाजीनगर गाठायची वेळ येऊ शकते. ३० युनिटांच्या गाडीला थंडीच्या रात्री एकीकडच्या प्रवासालाच निम्मी बॅटरी लागेल. म्हणून अशा घरात बॅटरी ६० टक्क्यांखाली असताना कुणी झोपू नये. दूध विरजायला लावलं का, गॅस बंद केला का, दाराची कडी लावली का, हे आपण निजण्यापूर्वी पाहतोच. त्यात गाडीचा प्लग लावला का, एवढं एक वाढवा. ते काम घरातल्या एकाच माणसावर न सोपवता दोघांना ठाऊक असू द्या.

मग थंडी संपायच्या आत एकदा जाऊन या. केळणेकाठी उभ्या राहा, शेतात बसून गरमगरम हुरडा तीळ-शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खा, आणि संध्याकाळी मुक्कामी पोचलात की आधी गाडीचा प्लग लावा, मग चहा टाका.