'पुट अप विथ'ला मराठीत काय म्हणावे?

आमच्या अचलपूरच्या वर्गात 'पुट अप विथ' आले की विद्यार्थी निःशंकपणे 'सहन करणे' लिहितात. कोशापुरते ते बरोबरच. पण मराठीने येथे केलेली विभागणी आम्हांला मोलाची वाटते. दुखणे, दुष्काळ, सासुरवास 'सोसायचा'. उर्मटपणा 'खपवून घेणार नाही' हे मात्र साहेबाच्या तोंडीच शोभते. शकुंतला रेल्वे मूर्तिजापूरपर्यंतच्या पाऊणशे किलोमीटरांना चार-चार तास घेई. प्रवाशांनी ते वर्षानुवर्षे 'चालवून घेतले'. इंग्रजीत सून, साहेब आणि प्रवासी एकाच क्रियापदाच्या रांगेत उभे! सुनेच्या वाक्यात 'खपवून घेतले' लिहिले, तर तिच्या हाती कधी नसलेली सत्ता अनुवादक तिला बहाल करतो. अशा उत्तराखाली आम्ही लाल रेघ ओढतो. गुण कापत नाही.