पेणच्या शेडीतला बेंजो

पेण म्हटले की गणपती आणि पापड! चतुर्थीला मूर्ती घरोघर गेल्या की तिथले कारखाने ओस पडतात. अशाच एका पत्र्याच्या शेडीत बेंजो पथकाची तालीम आम्ही पाहिली. रोह्याच्या एका लग्नाची सुपारी होती, परवावर आलेली.

हा बेंजो म्हणजे बुलबुलतरंग. टंकलेखन यंत्रासारखी बटणे, खाली तारा. मूळ १९१२ सालच्या जपानातले. त्याला इकडे वीज जोडली आणि लग्नाची वरात त्याच्या स्वाधीन झाली.

पण त्या दिवशी सारखी शिटी वाजे. कर्ण्याचा आवाज माइकात शिरायचा, ॲम्प्लिफायरमधून वाढून पुन्हा कर्ण्यात यायचा. आवाज अडवायला मूर्तींची गर्दीही आता नव्हती. त्यात बेंजोवाले आजोबा वर्षानुवर्षे कर्ण्याला खेटून बसलेले, कान मंदावलेले. “अजून वाढव रे!” म्हणायचे. पोरे वाढवीत, शिटी वाढे.

शेवटी ढोलकीवाल्याने मांडणीच बदलली. कर्णे पुढे, तोंडे दाराकडे. माइक त्यांच्या पाठीमागे. ताशा कोपऱ्यात. भिंतीवर गोणपाट. (आमच्या स्नेहसंमेलनाला हा गृहस्थ हवा होता!) राहता राहिले आजोबा. मधली जागा सोडायला तयार होईनात. “मला काढता काय?” असे त्यांनी विचारल्यावर सगळे गप्प झाले. ढोलकीवाल्याने त्यांची सतरंजी स्वतः उचलून बाजूला अंथरली आणि एक लहानसा स्पीकर, अगदी हळू लावून, त्यांच्या गुडघ्याशी ठेवला.

आजोबांनी दोन बटणे दाबली, थांबले.

“तिसरी तार उतरलीय रे,” म्हणाले आणि किल्ली शोधू लागले.