धुराला दाद

पश्चिम केंटकीत सप्टेंबर लागला की तंबाखूची कोठारं धुमसू लागतात. छताखालच्या फटींतून, भिंतींच्या फळ्यांमधून धूर पाझरत राहतो. नवखा माणूस घाबरून अग्निशामक दलाला फोन करतो. गावातला माणूस खिडकी उघडतो. बाबा खिडकी उघडणाऱ्यांतले होते.

कराडजवळच्या खेड्यातला हा डॉक्टर हॉपकिन्सव्हिलला आला आणि तिथलाच झाला. तंबाखू पिकवणारे शेतकरी त्यांचे पेशंट. त्यांच्याकडूनच बाबा या पानाची निगा शिकले आणि रात्री जेवणानंतर मागच्या ओसरीवर पाइप भरता भरता मला सांगत. उन्हाळा सरताना झाड बुडातून कापायचं, काठ्यांवर चढवून कोठारात थरावर थर टांगायचं. पान पिवळं पडू द्यायचं. मग खाली मातीच्या जमिनीवर ओक आणि हिकरीच्या फळकुटांच्या रांगा रचायच्या, वर ओला भुसा दाबायचा आणि धुमी लावायची. ज्वाळा उठली तर पिकासकट कोठार जातं. धुमी फार लवकर विझली तर पान खराब होतं. म्हणून कित्येक आठवडे, मध्ये विसावा देत, पानाला धूर द्यायचा आणि रात्री-अपरात्री उठून आग बघून यायची. अखेरीस पान काळपट, तुकतुकीत होतं. तेच ‘डार्क फायर्ड केंटकी’.

या मुलखाला ‘ब्लॅक पॅच’ म्हणतात. दर पाडणाऱ्या तंबाखू ट्रस्टविरुद्ध इथल्या शेतकऱ्यांनी 1904 मध्ये संघ उभारला. पुढे त्यातून ‘नाइट रायडर्स’ निघाले. डिसेंबर 1907 मध्ये चेहरे झाकून ते हॉपकिन्सव्हिलवर चालून आले आणि तंबाखूची गोदामं जाळली. संघात न आलेल्या शेजाऱ्यांनाही त्यांनी फटके मारले. बाबा म्हणायचे, “दोन्हीकडची नातवंडं माझ्या दवाखान्यात शेजारी शेजारी बसतात.”

हा तंबाखू अंगावर येणारा. रिकाम्या पोटी ओढला तर गरगरतं. बाबा तो सैल भरत, काडी दोनदा लावत आणि अगदी सावकाश ओढत. आधी हिकरीचा धूर, मागून किंचित आंबूस वास, आणि पाइप निम्मा झाला की खालून गोडवा. त्यांना त्यात गुऱ्हाळाच्या चुलवाणाचा वास यायचा. सायप्रसचा लताकियाही धुरावरच पोसलेला. पण तो सगळी खोली ताब्यात घेतो. “लताकिया बोलत सुटतो,” ते म्हणायचे, “केंटकी विचारलं तेवढंच सांगतो.”

शेतकऱ्यांपैकी पाइप ओढणारे विरळाच. त्यांचं बहुतेक पान तपकिरीला आणि चघळायच्या तंबाखूला जायचं; वखारीत वजन झालं की त्याचा निरोप. म्हणून डेन्मार्कच्या मॅक बॅरनचा ‘ओल्ड डार्क फायर्ड’चा डबा हाती आला तेव्हा बाबांनी तो दवाखान्यात नेला. पेशंटना हुंगायला लावलं. या जातीच्या पानाचं पुढे काय होतं, त्याची चव कशी लागते, हे त्यांनी त्या माणसांना सविस्तर सांगितलं. दवाखान्यात डॉक्टर तंबाखूचं कौतुक करतो हे आईला मुळीच पटलं नाही. त्याच पेशंटना ते तंबाखू सोडायलाही बजावत.

हृदयाने पहिला इशारा दिला त्या दिवशी त्यांनी पाइप खाली ठेवला, तो पुन्हा उचलला नाही. डबा मात्र राहिला. जेवणानंतर झाकण उघडायचे, डोळे मिटून वास घ्यायचे, झाकण लावायचे.

ते ऑक्टोबरात गेले, ऐन धुमीच्या दिवसांत. भेटायला आलेले शेतकरी कोठारातून थेट आले होते. त्यांच्या जाकिटांना, टोप्यांना तोच वास. घरात कधी पाइप पेटू न दिलेल्या आईने त्या दिवशी कुणालाही ओसरीवर थांबवलं नाही. मी एकेकाचा हात हातात घेत होते आणि प्रत्येक हाताबरोबर बाबा जवळ येऊन पुन्हा दूर जात होते.

तंबाखूची वकिली मी करणार नाही. त्याने काय होतं ते मी घरात पाहिलं आहे. पण रात्र रात्र जागून पानात धूर मुरवणाऱ्या माणसाला, तुझं काम उत्तम उतरलं आहे, हे त्याच्या तोंडावर सांगणारं कुणीतरी असावं लागतं. हॉपकिन्सव्हिलमध्ये ते काम माझे वडील करत होते. त्यांच्यामागे ते कुणी करत नाही.