दप्तरदारसाहेब

आमच्या टीव्हीमागे, स्क्रीन फुटलेल्या जुन्या लॅपटॉपात दप्तरदारसाहेब राहतात. घरातली स्कॅन केलेली कॉमिक्स, ई-पुस्तकं आणि दिवाळी अंकांच्या पीडीएफ ज्याच्या त्याच्या टॅबवर पोचवणं ही त्यांची नोकरी. पगार शून्य, रुबाब मामलेदाराचा.

स्वभाव मानी. काही बिनसलं तर तोंडातून चकार शब्द काढणार नाहीत. टॅबच्या पडद्यावर नुसतं कोरं पान. सगळा राग ‘लॉग’ नावाच्या रोजनिशीत, तारीख-वेळ घालून. सुरुवातीला मी त्यांना बंद करून पुन्हा सुरू करायचो. ते उठायचे, पंखा गरगरवत सगळी पुस्तकं पहिल्यापासून मोजायचे आणि तेच कोरं पान पुढं करायचे. रोजनिशी चोरून वाचायला लागलो, तेव्हा कुठं आमचं जमायला लागलं.

एकदा कॉमिक्सचं नवं फोल्डर त्यांना रिकामंच दिसत होतं. रोजनिशीत दोनच शब्द: ‘परमिशन डिनाइड’. फायली मी ‘रूट’ या सर्वाधिकारी खात्यातून कॉपी केल्या होत्या आणि साहेब पडले साधे १००० क्रमांकाचे वापरकर्ते. आमंत्रणाशिवाय उंबरा ओलांडायचा नाही! फायली त्यांच्या नावावर करून दिल्या, तसे लगेच पंगतीला बसले.

फाइलच्या नावाला लावलेल्या पाटीवर त्यांचा विश्वास नाही, हे एक बरं आहे. सीबीझेड म्हणजे नाव बदललेली झिप, सीबीआर म्हणजे रार. ईपबसुद्धा आतून झिपच. पण लोक झिपला बिनदिक्कत सीबीआरची पाटी लावतात. साहेब फाइलची पहिली अक्षरं हुंगतात. ‘पीके’ दिसलं की झिप. (ही झिपचे जनक फिल कॅट्झ यांची आद्याक्षरं. माणूस २००० साली गेला, सही अजून फायलीफायलीवर आहे.) रारचा २०१३ साली आलेला पाचवा अवतार मात्र आमच्या साहेबांना पचत नाही. तीच पानं झिपमध्ये बांधून वाढली की मुकाट्यानं खातात.

त्यांच्या प्रामाणिकपणाची मात्र भीती वाटते. केर काढताना बाहेरच्या हार्ड डिस्कची केबल सैल झाली. दुसरा कोणी म्हणाला असता, अख्खं कपाटच दिसत नाही, जरा थांबू. साहेबांना रात्रीच्या मोजणीत फोल्डर रिकामं दिसलं आणि त्यांनी शेकडो पुस्तकं मयत म्हणून रजिस्टरातून खोडली. कोण कुठल्या पानावर होतं, त्या नोंदीसकट. सकाळी केबल घट्ट बसवली, तर तीच पुस्तकं त्यांनी नवजात म्हणून नोंदवून घेतली. आईनं साडेतीनशे पानं वाचलेलं चरित्र पुन्हा मुखपृष्ठावर आलं. तिनं दोन दिवस साहेबांशी अबोला धरला. त्यांना पत्ताही नव्हता. तेव्हापासून ‘कचरापेटी आपोआप रिकामी करा’ यापुढची खूण मी काढून टाकली आहे. आता पुस्तक दिसेनासं झालं तरी बारावं माझ्या परवानगीशिवाय होत नाही.

मराठी त्यांना येतं, पण परक्या शाळेत शिकलेलं. यादी लावताना ‘ळ’ला ‘ल’च्या पाठोपाठ बसवतात, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’च्याही पुढं. ‘क्ष’ची रवानगी थेट ‘क’मध्ये. युनिकोडनं दिलेला नंबर हीच त्यांची वर्णमाला, आणि यावर वाद घालायला ते तयार नाहीत.

रजिस्टर एसक्यूलाइट डेटाबेसचं. पुस्तकं नेटवर्कवर दुसऱ्या डब्यात ठेवलेली चालतात, रजिस्टर मात्र स्वतःच्या टेबलावरच हवं. नीटनेटकेपणाच्या हौसेपायी मी तेही त्या डब्यात हलवलं, तर दिवसभर रोजनिशीत एकच ओळ: ‘डेटाबेस इज लॉक्ड’. संध्याकाळी ते निमूट परत आणून ठेवलं.

परवा पाहुण्यांनी विचारलं, टीव्हीमागे एवढं काय घोंघावतंय?

आई चष्मा पुसत म्हणाली, “काही नाही, दप्तरदार मोजतायत.”