आपली टीम घरी गेल्यावर

७ नोव्हेंबर २०२१, रविवार. अबू धाबीला न्यूझीलंड आणि अफगाणिस्तान खेळत होते आणि इकडे आमच्या चिपळुणात लोक अफगाणिस्तानसाठी दुआ मागत होते, नारळ बोलत होते. कारण साधे होते. अफगाणिस्तान जिंकले असते तरच टी-ट्वेंटी विश्वचषकात हिंदुस्थानची आशा शिल्लक राहणार होती. अफगाणिस्तानच्या झाल्या १२४ धावा. न्यूझीलंडने त्या दोन गडी गमावून आरामात केल्या. मगरिबची नमाज पढून आम्ही घरी येऊन बसलो आणि थोड्याच वेळात सगळा खेळ आटोपला. शेजारचे काका बोळातून जाता जाता खिडकीत थांबले आणि म्हणाले, "मास्तर, आपली गेली. आता बघायचं तरी काय?"

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिक्षक आहोत. मराठी आणि इतिहास शिकवतो. उर्दूच्या सवयीने स्वतःला 'हम' म्हणता म्हणता मराठीतही 'आम्ही' म्हणू लागलो, त्यात मोठेपणा काही नाही. तर काकांच्या त्या प्रश्नाने आम्ही विचारात पडलो. आपली टीम बाहेर पडल्यावर स्पर्धा बघावी की टीव्ही बंद करावा? वरवर पाहता हा प्रश्न रिकामपणाचा आहे. पण आमच्या घरात तो तेवढा सोपा नव्हता.

२००७ साली आम्ही टीव्ही बंद केला होता. तेव्हा आम्ही बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. वेस्ट इंडीजमध्ये विश्वचषक चालू होता. १७ मार्चला हिंदुस्थान बांगलादेशाकडून हरला, २३ मार्चला श्रीलंकेकडून हरला आणि पहिल्याच फेरीत घरी आला. रांचीत धोनीच्या बांधकाम चालू असलेल्या घरावर लोक चालून गेले. पाकिस्तानही त्याच फेरीत आयर्लंडकडून हरून बाहेर पडला होता. मोहल्ल्यातल्या आम्हा मुलांना वाटले, संपला वर्ल्डकप. रात्रीची जागरणे कशाला? २८ एप्रिलच्या अंतिम सामन्यात अॅडम गिलख्रिस्टने श्रीलंकेविरुद्ध १०४ चेंडूंत १४९ धावा केल्या. त्या रात्री आम्ही गाढ झोपेत होतो. आजही कोणी त्या खेळीची गोष्ट काढली की लग्नाला न गेलेल्या माणसासारखे आम्ही नुसते ऐकत बसतो.

खरे तर आमच्या कोकणात असा नियम नाही. गावोगावच्या टेनिस बॉलच्या स्पर्धा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे ठाऊक आहे. सकाळी नऊला हरलेली टीम घरी जात नाही. तिच्यातला एक जण अंपायर होतो, एक जण स्कोअर लिहितो, बाकीचे मांडवात बसून चहा पितात आणि ज्यांनी आपल्याला हरवले त्यांच्यावरच मोठ्याने टीका करतात. रात्री दिव्यांच्या उजेडात फायनल होते, तिला सगळे हजर. पहिल्या फेरीत हरलेला गाव फायनलला टाळ्या वाजवतो. म्हणून आमचा विचार झाला की या वेळी २००७ ची चूक करायची नाही. शिवाय घरात टीव्हीही नवा होता. जुना टीव्ही २२ जुलैच्या महापुरात गेला होता. त्या रात्री वाशिष्ठीचे पाणी घरात शिरले तेव्हा अब्बा, अम्मी, बायको, मुले, सगळे शेजारच्या काकांच्या माडीवर होतो. खाली आमची कपाटे, पुस्तके आणि अब्बांचे शिलाई मशीन पाण्यात. पुढे दसऱ्याच्या सुमारास हप्त्याने हा टीव्ही घेतला, तो मुख्यतः वर्ल्डकपसाठीच.

पण उपांत्य फेरीत कोण कोण होते? न्यूझीलंड, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि पाकिस्तान. इथे येऊन गाडी अडते.

२४ ऑक्टोबरला दुबईत पाकिस्तानने हिंदुस्थानला दहा गडी राखून हरवले होते. हरलेल्या अकरा जणांपैकी लोकांना दोषी सापडला एक, मोहम्मद शमी. त्याला जे काही लिहिले गेले ते आम्ही फोनवर वाचले. त्याने ३.५ षटकांत ४३ धावा दिल्या हे खरे. पण शिव्या गोलंदाजीला नव्हत्या, नावाला होत्या. विराट कोहली ३० ऑक्टोबरला पत्रकारांसमोर त्याच्या बाजूने ठामपणे उभा राहिला, याचे आम्हांला आजही बरे वाटते. त्याच आठवड्यात राजस्थानातल्या एका शिक्षिकेची बातमी आली. पाकिस्तान जिंकल्यावर ठेवलेल्या व्हॉट्सअॅप स्टेटसवरून तिची नोकरी गेली आणि अटकही झाली. ते स्टेटस आम्हांला पटले नव्हते. पण बातमी वाचल्यावर आम्ही पहिले काम काय केले असेल, तर आमचे स्वतःचे स्टेटस तपासले. तिथे फुलांचा फोटो आणि 'सुप्रभात' होते. तरी काढून टाकले.

११ नोव्हेंबरला, गुरुवारी, पाकिस्तान आणि ऑस्ट्रेलिया यांचा सामना. इशाची नमाज पढून आम्ही टीव्ही लावला. अब्बा आतून आले. म्हणाले, "कशाला बघतोस? आपली टीम नाय त्यात."

आम्ही म्हणालो, "खेळ चांगला आहे."

अब्बा काही वेळ उभे राहिले. मग खिडकीच्या काचा लावल्या आणि म्हणाले, "आवाज बंद कर."

अब्बांच्या या बोलण्याला पस्तीस वर्षांचा इतिहास आहे. १८ एप्रिल १९८६ रोजी शारजात जावेद मियाँदादने चेतन शर्माच्या शेवटच्या चेंडूवर षटकार मारला. अब्बा सांगतात, त्या रात्री त्यांना जेवण गेले नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात एक गिऱ्हाईक पँट न्यायला आले आणि हसत हसत म्हणाले, "काय, तुमचे जिंकले. मिठाई कुठाय?" अब्बांनी पँटची घडी घातली, कागदात बांधली, पैसे घेतले. 'तुमचे' या शब्दाला काय उत्तर द्यायचे ते त्यांना सुचले नाही. आजवर सुचलेले नाही. म्हणून आवाज बंद.

तर आम्ही मुका सामना पाहू लागलो. मोहम्मद रिझवान छातीच्या संसर्गामुळे सामन्याआधी दुबईच्या इस्पितळात अतिदक्षता विभागात होता. त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर हिंदुस्थानी होते. तिथून उठून येऊन त्याने ६७ धावा केल्या. पाकिस्तानच्या १७६ झाल्या. ऑस्ट्रेलिया अडचणीत. आणि तेवढ्यात आमच्या लक्षात आले की आम्हांला आवाज ऐकू येतो आहे. बोळापलीकडे काकांच्या घरी तोच सामना चालू होता, पूर्ण आवाजात. समालोचन आमच्या बंद काचेतून स्पष्ट येत होते. त्यांची केबल आणि आमची डिश यांत काही क्षणांचा फरक. त्यामुळे आधी काकांच्या घरातून ओरडा यायचा आणि मग आमच्या पडद्यावर चेंडू पडायचा.

एकोणिसाव्या षटकात पलीकडून एकदम "अरे!" असा ओरडा आला. मग आम्ही पाहिले, हसन अलीच्या हातून मॅथ्यू वेडचा झेल सुटला. त्यानंतर लागोपाठ तीन ओरडे. आणि आमच्या पडद्यावर शाहीन आफ्रिदीला तीन चेंडूंत तीन षटकार. सामना संपला.

आम्ही कोणाच्या बाजूने होतो? खरे सांगतो. शेवटच्या दोन षटकांत आम्ही कोणाच्याच बाजूने नव्हतो. झेल सुटल्यावर हसन अलीचा चेहरा दाखवला तेव्हा आमच्या पोटात कालवले, एवढेच. दोन दिवसांनी कळले की त्यालाही शमीसारखेच भोगावे लागले. त्याच्या देशातल्या लोकांनी त्याचे शिया असणे काढले, त्याची बायको हिंदुस्थानी आहे हे काढले. सीमा ओलांडली तरी शिव्यांची रीत एकच. हरलेल्यांत जो थोडा वेगळा, त्याच्या नावावर पावती फाडायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाची पिशवी घ्यायला बाहेर आलो तर काका ओट्यावर.

"काय मास्तर, बघितलीत की नाही काल? नाव वेड, मारणंही वेड्यासारखं!"

आमच्या तोंडातून निघून गेले, "नाही काका, लवकर झोपलो."

"असं?" काका म्हणाले. "उजेड दिसत होता काचेतून. आवाज नव्हता, म्हणून हिला म्हटलं, मास्तरांच्या टीव्हीचा आवाज गेला वाटतं. नवा आहे ना? वॉरंटीत असेल. दाखवून घ्या."

"हो, दाखवतो," आम्ही म्हणालो. एका खोट्यावर दुसरे खोटे.

ज्या माणसाच्या माडीवर आम्ही पुराची अख्खी रात्र काढली, त्याच्याशी क्रिकेटच्या सामन्यावरून खोटे बोललो. काकांच्या मनात काहीच नव्हते, हे त्यांच्या वॉरंटीच्या सल्ल्यावरूनच दिसत होते. पण दोष पुरता आमचाही म्हणता येणार नाही. भीती उगाच जन्मत नाही. ती गिऱ्हाइकाच्या एका वाक्यातून येते, एका बातमीतून येते आणि बापाकडून मुलाकडे शिलाई मशीनसारखी येते. मशीन पुरात गेले, भीती मात्र माडीवर आमच्याबरोबर चढली होती.

१४ नोव्हेंबरच्या रविवारी अंतिम सामना, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया. यात कोणाला काही विचारण्यासारखे नव्हते, म्हणून हिंमत केली असे म्हणणे फुकाचे होईल. तरी आम्ही काचा उघडल्या आणि आवाज नेहमीसारखा ठेवला. अब्बांनी पाहिले, बोलले नाहीत, खुर्ची ओढून बसले. थोड्या वेळाने पलीकडून काका ओरडले, "मास्तर, आवाज आला हो!" अब्बा हसले. केन विल्यमसनने ८५ धावा सुरेख केल्या, पण मिचेल मार्शने ७७ करून सामना नेला. आम्ही न्यूझीलंडच्या बाजूने होतो. हरलो, आणि मजेत जेवलो. आपली टीम नसताना हरण्यात असेही एक सुख असते.

शाळा सुरू झाल्यावर आठवीला निबंध दिला, 'माझा आवडता खेळाडू'. एक मुलगा तास संपल्यावर मागे थांबला. हळूच म्हणाला, "सर, रिझवानवर लिहिलं तर मार्क कापाल?" आम्ही विचारले, रिझवानच का? म्हणाला, "तो इस्पितळातून येऊन खेळला. आणि शमीला लोक बोलत होते तेव्हा त्याने शमीच्या बाजूने लिहिलं."

आमच्या ओठांवर आले होते, दुसरा कोणीतरी निवड. अब्बांचाच आवाज आमच्या तोंडात आला होता. पण आम्ही म्हणालो, "लिही. तो कसा खेळतो ते लिही." त्याने दीड पान लिहिले. आम्ही दहापैकी आठ गुण दिले. दोन कापले ते लिंग आणि वचनाच्या चुकांचे. उर्दू शाळेत ती तक्रार जुनीच आहे.

आणखी एक चूक आमची मुले हमखास करतात. उर्दूत एकच 'हम'. मराठीत 'आम्ही' वेगळे आणि 'आपण' वेगळे. समोरच्याला सोडून असेल तर आम्ही, त्याला धरून असेल तर आपण. वर्षानुवर्षे फळ्यावर हा फरक शिकवतो आहोत. पण तो खरा कळला खिडकीत थांबून "आपली गेली" म्हणणाऱ्या काकांमुळे आणि त्याआधी पस्तीस वर्षांपूर्वी "तुमचे जिंकले" म्हणणाऱ्या त्या गिऱ्हाइकामुळे.

पुढे १५ नोव्हेंबर २०२३ रोजी वानखेडेवर शमीने उपांत्य सामन्यात न्यूझीलंडचे सात गडी ५७ धावांत टिपले. देशभर त्याचे कौतुक झाले. आम्हीही टाळ्या वाजवल्या, पण मनात आले, 'आपला' ठरायला सात बळी लागावेत का? ज्या दिवशी एकही बळी मिळत नाही, त्या दिवशीही माणूस आपलाच असायला हवा.

तर काकांच्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे. आपली टीम घरी गेली तरी स्पर्धा बघावी. ७ नोव्हेंबरला बाहेर पडलेली आपली टीमसुद्धा दुसऱ्या दिवशी नामिबियाशी खेळली आणि नऊ गडी राखून जिंकली. हातात काही लागणार नव्हते, तरी खेळली. आपणही बघावे. गावच्या स्पर्धेत हरलेली टीम मांडवात बसते तसे बसावे. आणि जमेल तेव्हा खिडकीच्या काचा उघड्या ठेवाव्यात.

त्या दोन खोट्यांची कबुली मात्र आम्ही काकांना अजून दिलेली नाही. हा अंक आला की एक प्रत त्यांना नेऊन देणार आहोत.