जड स्टिअरिंगचे निदान

हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग म्हणजे चालकाच्या हाताला दिलेली तेलाच्या दाबाची जोड. गाडी उभी असताना पुढची चाके वळवली की टायरचा जमिनीला टेकलेला भाग जागच्या जागी घासतो आणि सर्वांत जास्त जोर तेव्हाच लागतो. गाडी चालू लागली की हा विरोध झपाट्याने कमी होतो. जुन्या ट्रकांत यावर उपाय एकच होता: स्टिअरिंगचा घेर मोठा ठेवायचा आणि बॉक्समधल्या गिअरचे प्रमाण वाढवायचे. त्याने जोर कमी लागे, पण फेरे वाढत आणि घाटातल्या वळणावर चालकाचे दंड भरून येत.

अमेरिकी इंजिनिअर फ्रान्सिस डेव्हिस यांनी १९२६ मध्ये पिअर्स-ॲरो मोटारीवर तेलाच्या दाबाचे स्टिअरिंग चालवून दाखवले. खर्च परवडत नाही म्हणून मोटार कंपन्यांनी ते बाजूला ठेवले. दुसऱ्या महायुद्धात ते अवजड लष्करी वाहनांवर बसले आणि १९५१ मध्ये क्रायस्लरने इम्पीरियल या मोटारीत ते प्रथम गिऱ्हाइकांना विकले. आता काटा उलटा फिरला आहे. नव्या छोट्या मोटारींत विजेच्या मोटरवर चालणारे स्टिअरिंग असते. त्यात तेलही नाही आणि पंपही नाही. बेळगावच्या पश्चिमेकडच्या बेळगुंदीसारख्या गावांत तेलाचे स्टिअरिंग दिसते ते ट्रॅक्टर, पिकअप, ट्रक आणि जेसीबीवर, म्हणजे ज्यांच्यावर पोट चालते त्या गाड्यांवर.

या यंत्रणेत टाकी, पंप, दाबाची नळी, स्टिअरिंग बॉक्स किंवा रॅक आणि परतीची नळी एवढेच मुख्य भाग असतात. पंप इंजिनावर पट्ट्याने किंवा गिअरने फिरतो. मोटारी आणि पिकअपमध्ये तो बहुधा व्हेन पंप असतो. त्याच्या रोटरला खाचा असतात आणि खाचांत पातळ पात्या सैल बसवलेल्या असतात. रोटर फिरला की पात्या बाहेर फेकल्या जातात आणि भोवतीच्या लंबगोल कड्याला चिकटून घासत जातात. कड्याच्या रुंद भागाकडे जाताना दोन पात्यांमधली जागा वाढते आणि तेल आत ओढले जाते. अरुंद भागाकडे येताना तीच जागा आक्रसते आणि तेल बाहेर ढकलले जाते. लंबगोलाला रुंद भाग दोन असल्यामुळे एका फेऱ्यात हे दोनदा घडते.

पंपाची एक अडचण मुळातच आहे. जास्तीत जास्त जोर लागतो तो गाडी लावताना, म्हणजे इंजिन सर्वांत हळू फिरत असताना. म्हणून पंप तेवढ्या फेऱ्यांतही पुरेसे तेल देईल असा बनवावा लागतो. मग इंजिन वेगात आले की तेल गरजेपेक्षा कितीतरी जास्त होते. हे जादा तेल पंपातच फिरवून मागे पाठवण्याचे काम प्रवाह-नियंत्रक व्हॉल्व्ह करतो. त्याच्याच पोटात बहुतेक वेळा दाब-मर्यादेचा रिलीफ व्हॉल्व्ह असतो. मोटारींत ही मर्यादा साधारण ७० ते १०० बार, तर अवजड ट्रकांत १५० बारच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त असते. नेमका आकडा ज्या त्या गाडीच्या पुस्तकात पाहावा. हा दाब किती मोठा, हे साध्या हिशेबाने कळते. रॅकमधल्या पिस्टनचे क्षेत्रफळ १० चौरस सेंटिमीटर धरले आणि त्यावर ७० बार दाब आला, तर चाके ढकलायला सुमारे ७०० किलो वजनाइतका जोर मिळतो. तेवढ्या वेळात चालकाची मात्र बोटेच काम करीत असतात.

हा जोर कोणत्या बाजूला आणि किती द्यायचा, हे ठरवतो रोटरी व्हॉल्व्ह. संपूर्ण यंत्रणेतला सर्वांत हुशारीचा भाग हाच. स्टिअरिंगचा दांडा आणि पिनियन यांच्यामध्ये टॉर्शन बार नावाची एक बारीक पोलादी सळई असते. स्टिअरिंग फिरवले की ती थोडी पिळली जाते. दांड्यावर खाचा असतात आणि पिनियनला जोडलेल्या बाहेरच्या बाहीवर भोके व खाचा असतात. सळई पिळली की या दोन्ही खाचा एकमेकींपासून किंचित सरकतात. स्टिअरिंग मोकळे असताना तेल दोन्ही बाजूंना सारखेच जाऊन टाकीकडे परत येते. दाब अगदी थोडा राहतो. स्टिअरिंग वळवताच एका बाजूची वाट रुंद होते आणि दुसरी आवळली जाते. पाटाचे पाणी देणारा शेतकरी एक बारे फोडतो आणि दुसरे बुजवतो, तसेच हे. फरक एवढाच की येथे बारे किती फोडायचे ते हाताच्या जोराच्या प्रमाणात आपोआप ठरते. तेल पिस्टनच्या एका बाजूला दाबाने शिरते, दुसऱ्या बाजूचे तेल परत जाते आणि चाके वळू लागतात. चाके वळली की पिनियनही फिरतो, बाही दांड्याला गाठते, सळईचा पीळ सुटतो आणि दाब उतरतो. म्हणूनच स्टिअरिंग जिथे धराल तिथेच मदत थांबते.

सळईची पीळ खाण्याची हद्द ठरलेली असते. त्यापुढे दांडा आणि पिनियन लोखंडाला लोखंड लागून एकत्र फिरतात. त्यामुळे चोर्ला घाट उतरताना पट्टा तुटला किंवा इंजिन बंद पडले, तरी स्टिअरिंग सुटत नाही. फक्त जड होते. ही गोष्ट प्रत्येक चालकाला माहीत असायला हवी, कारण अशा वेळी घाबरून हात सोडणारेही असतात.

ट्रॅक्टर आणि जेसीबीची गोष्ट वेगळी. पॉवर स्टिअरिंगच्या बहुतेक ट्रॅक्टरांत स्टिअरिंग आणि चाके यांच्यामध्ये लोखंडी जोडणी नसतेच. असतात त्या फक्त नळ्या. स्टिअरिंगच्या खाली एक मापक युनिट असते. त्यात दात्यांच्या कड्यात एक दात कमी असलेला तारा फिरतो आणि स्टिअरिंगच्या प्रत्येक फेऱ्याला ठरावीक तेल मोजून सिलिंडरकडे पाठवतो. इंजिन बंद असले तर हाच तारा हातपंपासारखा चालतो. तेव्हा ट्रॅक्टर वळतो, पण फार कष्टाने आणि खूप फेरे मारून. नळी फुटून तेलच गेले असेल, तर तोही आधार नाही. ट्रॅक्टरच्या स्टिअरिंग नळीला पडलेली भेग म्हणूनच उद्यावर टाकायची नसते.

निदानात सर्वांत मोठी चूक क्रमाची होते. ‘स्टिअरिंग जड झाले’ म्हटले की गॅरेजमध्ये पहिला हात पंपाला जातो, आणि पंप बदलून तीन-चार दिवसांनी गाडी त्याच तक्रारीसह परत येते. खरे म्हणजे शोध तेलाच्या बाहेर सुरू करायचा असतो. टायरमध्ये हवा कमी असेल तर कितीही चांगला पंप दमतो. त्यानंतर किंगपिन, बॉल जॉइंट आणि टाय रॉडची टोके पाहावीत. बॉक्स असलेल्या गाडीत ड्रॅग लिंक सोडून, पुढचा ॲक्सल उचलून चाके हाताने फिरवावीत. तरीही ती जड जात असतील तर पंपाचा काही दोष नाही. किंगपिन धरलेले आहेत. जून ते सप्टेंबर बेळगावच्या पश्चिमेला पाऊस मुसळधार असतो, भाताच्या चिखलणीत ट्रॅक्टरची पुढची चाके चिखलात रुततात आणि तांबडी माती किंगपिनच्या बुशात शिरते. जुने काळे ग्रीस बाहेर पडून नवे दिसू लागेपर्यंत ग्रीस मारावे लागते. ग्रीसचा पंप नुसता एक-दोनदा दाबून ते होत नाही.

निपाणी-चिकोडी पट्ट्यात ऊसतोडीच्या हंगामात याच्या अगदी उलट तक्रार येते. स्टिअरिंग हलके आहे, पण ट्रॅक्टर वळत नाही. यातही दोष स्टिअरिंगचा नसतो. भरलेले दोन ट्रेलर चढावर ओढताना वजन मागे सरकते, पुढची चाके जमिनीवर नुसती टेकून राहतात आणि वळवली तरी घसरतात. त्यावर उपाय दोनच: ओझे कमी करणे आणि पुढे वजने लावणे.

बाहेरचे सगळे ठीक असेल तर टाकीचे झाकण उघडावे. तेल पाहून निम्मे निदान होते. बहुतेक गाड्यांत ऑटोमॅटिक गिअरचे लालसर तेल असते; काही कंपन्या आपले वेगळे तेल सांगतात आणि तेथे तेच घालावे. तेल काळे व जळका वास येणारे असेल तर ते फार तापले आहे. त्यात चंदेरी कण चमकत असतील तर पंप स्वतःलाच खातो आहे. अशा वेळी फक्त पंप बदलला तर जुने कण नव्या पंपालाही खातात; नळ्या आणि टाकी धुवायलाच हवी. फेस असेल तर हवा शिरते आहे आणि दुधट रंग असेल तर हवा किंवा पाणी. टाकीत ब्रेक ऑइल घालणे हा सर्वांत महागडा प्रमाद आहे. या यंत्रणेची रबरी सीले खनिज तेलासाठी बनवलेली असतात. ब्रेक ऑइलने ती फुगतात, मऊ पडतात आणि एकामागून एक सगळी गळू लागतात.

आवाजाचेही प्रकार ओळखता येतात. स्टिअरिंग टोकापर्यंत वळवले की चीत्कार येत असेल तर पट्टा घसरतो आहे. सतत कण्हल्यासारखा आवाज येत असेल आणि इंजिनाच्या वेगाबरोबर तो चढत असेल, तर पंपाला तेल पुरत नाही: पातळी कमी आहे, टाकीतली जाळी तुंबली आहे, किंवा टाकीकडून येणारी नळी आतून सोलवटून तिचा पदर वाटेत आला आहे. ही नळी बाहेरून चांगली दिसते, म्हणून फसवते. टोकाला धरल्यावर येणारी सूं ही मात्र रिलीफ व्हॉल्व्हची असते आणि तो दोष नव्हे. तरी स्टिअरिंग टोकाला काही सेकंदांपेक्षा जास्त दाबून ठेवू नये. तेल भरभर तापते.

यानंतरच पंपाची पाळी, आणि तिथे अंदाज नको, गेज हवा. पंप आणि बॉक्स यांच्यामध्ये दाबाचा गेज आणि त्याच्या पुढे बॉक्सच्या बाजूला बंद करता येणारा व्हॉल्व्ह जोडायचा. इंजिन चालू करून तेल गरम होऊ द्यायचे. मग व्हॉल्व्ह बंद करून दाब वाचायचा, पण पाच सेकंदांच्या आत तो उघडायचाच. नाहीतर तपासणीनेच पंप जातो. पुस्तकातला दाब आला तर पंप चांगला. आला नाही तर पंप झिजला आहे किंवा त्यातला व्हॉल्व्ह कचऱ्याने अडकला आहे, आणि अडकलेला व्हॉल्व्ह नुसत्या सफाईने सुटतो. पंप चांगला ठरल्यावर व्हॉल्व्ह उघडा ठेवून स्टिअरिंग दोन्ही टोकांना नेऊन पाहायचे. तिथे दाब पंपाइतका चढत नसेल तर तेल बॉक्सच्या आतच एका बाजूकडून दुसरीकडे पळते आहे.

बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे औद्योगिक वसाहतींत हायड्रॉलिक सुटे भाग बनवणारे कारखाने आहेत. सुरेश हुंद्रे यांनी उभी केलेली पॉलिहायड्रॉन ही कंपनी मच्छेचीच. दाब, गळती आणि सील यांची जाण असलेला कारागीर बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावांतून रोज तिकडे कामाला जातो. असे असताना आसपासच्या गॅरेजमध्ये गेज न लावता पंप बदलला जावा, याचे नवल वाटते. गेज आणि दोन जोड यांची किंमत एका पंपापेक्षा पुष्कळ कमी आहे.

काही लक्षणे थेट दोषाच्या जागेवर बोट ठेवतात. एकाच बाजूला जड जात असेल तर पंपाला दोष देऊ नये, कारण पंप दोन्ही बाजूंना एकच आहे. व्हॉल्व्ह किंवा त्या बाजूचे सील पाहावे. सकाळी थंड असताना जड आणि गाडी तापल्यावर हलके होत असेल, तर व्हॉल्व्हच्या कड्यांनी घराला चरे पाडलेले असतात. पुढची चाके उचलून इंजिन चालू केल्यावर स्टिअरिंग आपोआप एका बाजूला फिरू लागले, तर व्हॉल्व्ह मध्यावरून सरकला आहे. गाडी रस्त्यावर ओढते पण अशी फिरत नाही, तर अलाइनमेंट आणि टायर तपासावेत. स्टिअरिंगमधला मोकळा प्ले तेलाने येत नाही. तो सांध्यांचा असतो.

गळती शोधताना आधी सगळे पुसून कोरडे करावे, कारण तेल खाली वाहते आणि पंख्याच्या वाऱ्याने पसरते. ओल्या भागाचे सर्वांत वरचे टोक म्हणजे गळतीची जागा. रॅकच्या टोकांचे रबरी बूट मात्र दाबून पाहावेत. आत तेल साचले असेल तर टोकाचे सील गेले आहे. बूट फाटून पावसाचे पाणी आत गेले असेल, तर रॅकच्या दांड्यावर गंज धरतो आणि तो नवे सीलही कापतो. अशा दांड्यावर सील किट बसवणे म्हणजे पैसे पाण्यात. ट्रॅक्टर सरळ चालवताना स्टिअरिंग हळूहळू सरकत राहत असेल, तर सिलिंडरच्या नळ्या सोडून युनिटच्या बाजूला बुचे मारावीत. त्यानंतर इंजिन चालू करून स्टिअरिंगवर जोर दिला तरी ते घट्ट राहिले, तर दोष सिलिंडरच्या पिस्टन सीलचा. तेव्हाही सरकत राहिले तर युनिटचा.

दुरुस्ती झाल्यावर हवा काढणे राहून जाते. पुढची चाके उचलावीत, इंजिन बंद ठेवूनच स्टिअरिंग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अनेकदा फिरवावे आणि टाकीतली पातळी सारखी राखावी. बुडबुडे येणे थांबल्यावर इंजिन चालू करून तेच पुन्हा करावे. आधीच इंजिन चालू केले तर पंप हवा तेलात घुसळतो आणि तो फेस बसायला बराच वेळ जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी थंड असताना, झाकण उघडून पातळी पुन्हा पाहावी. ती खाली गेली असेल तर एक तर हवा राहिली होती किंवा गळती अजून आहे.