फॅब ३२

ॲरिझोनात फिनिक्सजवळच्या चँडलरमध्ये इंटेलची फॅब ३२, म्हणजे चिपा बनवणारी फॅक्टरी, राहते. तीन अब्ज डॉलर खर्चून ती २००७च्या ऑक्टोबरात उभी राहिली. बाहेर वाळवंटाचं रणरणतं ऊन, आत तिचं सोवळं कडक. धुळीचा कण तिला खपत नाही. माणसांनी नखशिखान्त पांढरा पोशाख चढवूनच पाऊल टाकायचं. छपाईच्या दालनात कायम पिवळा उजेड, कारण सिलिकॉनच्या चकतीवरच्या लेपाला निळा प्रकाश सोसत नाही. छताखालच्या रुळांवरून बंद डबे धावत असतात, एकेका डब्यात अशा पंचवीस चकत्या.

स्वभावाने ती खर्चिक. काम असो वा नसो, यंत्रांचा घसारा चालूच. म्हणून तिला ना रात्र ठाऊक, ना सण.

२००८च्या अखेरीस मंदी आली. संगणक खपेनात, इंटेलची तिमाही विक्री वर्षभरात २३ टक्क्यांनी घसरली. अशा वेळी कोणीही हात आखडता घेईल. पण १० फेब्रुवारी २००९ रोजी कंपनीचे प्रमुख पॉल ओटेलिनी यांनी ऑरेगन, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोनातल्या कारखान्यांना ४५वरून ३२ नॅनोमीटरच्या, म्हणजे अधिक लहान ट्रान्झिस्टरच्या, पिढीवर नेण्यासाठी दोन वर्षांत सात अब्ज डॉलर जाहीर केले. ४५ नॅनोमीटरचे काही ठरलेले प्रोसेसर गाळून थेट पुढची पिढी गाठायचं ठरलं.

हिशेब सरळ होता. तेजीत बदलासाठी यंत्र थांबवलं की तेवढी विक्री बुडते. मंदीत ते तसंही रिकामंच असतं. शिवाय ट्रान्झिस्टर लहान झाले की त्याच चकतीतून जास्त चिपा निघतात. फॅब ३२ने कात टाकली. बरीचशी जुनी यंत्रं कामी आली, पण सर्वांत बारीक थरांसाठी नवी लागली. त्यांत भिंग आणि चकती यांच्यामध्ये पाण्याचा पातळ पडदा असतो. इंटेलच्या उत्पादनात हे तंत्र पहिल्यांदाच आलं.

तिच्या थोरल्या बहिणीच्या नशिबी हे नव्हतं. ऑरेगनमधल्या हिल्सबरोच्या फॅब २०चं उत्पादन थांबवण्याचा निर्णय २००९च्या जानेवारीतच झाला होता. ती २०० मिलिमीटरच्या चकत्यांची, फॅब ३२ तीनशेच्या. पेनांग आणि फिलिपिन्समधलेही कारखाने बंद करायच्या यादीत होते. झळ पाच ते सहा हजार माणसांना. बदलण्याची ताकद पायाभरणीतच घातलेली असेल तर मंदीही सार्थकी लागते, हे फॅब ३२ दाखवते. यंत्रांच्या बाबतीत आधीपासून केलेली ही तजवीज ती चालवणाऱ्या हातांसाठीही तितक्याच आधीपासून व्हायला हवी.